अधिवेशन आले तोंडावर. आमदारसाहेबांकडे कोणता कागद द्यायचा?



अधिवेशनाच्या तारखा पेपरात आल्या की आपल्या भागात आमदारसाहेबांच्या दारी सकाळी सातपासून माणसांची रीघ लागते. कुणाला भावकीच्या बांधाचा निकाल पाहिजे असतो, कुणाला पोराची बदली, कुणाला मारुतीच्या देवळापुढे सभामंडप. कामे खोटी नाहीत. पण यांतल्या एकाही कामाला अधिवेशन लागत नाही. बांधाला तहसील कचेरी आहे. सभामंडप आमदारनिधीतून होतो. २०२२ साली हा निधी वर्षाला पाच कोटी रुपयांवर नेण्यात आला, आणि तो खर्चायला सभागृहात उठून बोलावे लागत नाही.

अधिवेशनात होते ते निराळे. तिथे कायद्याचे कलम ठरते, खात्यांना पैसा मंजूर होतो, आणि मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. विधानसभेत २८८ आमदार, त्यांत आपल्या जिल्ह्याचे १२. अकोल्यापासून कर्जत-जामखेडपर्यंतच्या या बाराजणांत उसाचा प्रश्न नाही असा मतदारसंघ शोधूनच काढावा लागेल. तरीही उसाचा आणि पाटपाण्याचा नेमका प्रश्न नेमक्या वेळी सभागृहात जातोच असे नाही. कारण सोपे आहे. नेमका प्रश्न आमदारांकडे आपणच दिलेला नसतो. "साहेब, पाण्याचं जरा बघा" एवढे सांगून आपण मोटारसायकलला किक मारतो.

पाण्याचे "बघा" म्हणजे काय, आणि नाही बघितले तर काय होते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्याचा आहे. तो जरा सविस्तर सांगतो.

एका कलमाची गोष्ट

२००५ साली विधिमंडळाने पाण्याविषयी दोन कायदे केले. एक पाणीवापर संस्थांचा, म्हणजे सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा. दुसरा महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा. या दुसऱ्या कायद्यात कलम १२, त्यात पोटकलम ६, त्यात खंड (ग). मोजून काही ओळी. मतलब असा की, नदीखोऱ्यातल्या सगळ्या धरणांचे पाणी दरवर्षी ऑक्टोबरअखेर अशा रीतीने नियंत्रित करायचे की, खरिपाचा वापर धरून, वापरायोग्य पाण्याची टक्केवारी सगळ्या धरणांत जवळजवळ सारखी राहील.

वाचायला गोड आहे. कुणी म्हणेल, यात वावगे ते काय? कलमात भंडारदऱ्याचे नाव नाही, मुळेचे नाही, दारणेचे नाही. पण नकाशा उघडून बघा. आपली प्रवरा आणि मुळा गोदावरीला मिळतात आणि ते पाणी खाली पैठणला जायकवाडीत जाते. भंडारदरा ११ टीएमसीचे, निळवंडे सव्वाआठ टीएमसीचे, मुळा २६ टीएमसीचे. जायकवाडी एकटे १०२ टीएमसीचे, त्यातले वापरायचे पाणी सुमारे ७६ टीएमसी. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट.) एवढे मोठे भांडे सगळ्यांत खाली असेल आणि टक्केवारी सारखी ठेवायची असेल, तर कमी पावसाच्या साली पाणी कुणाच्या भांड्यातून कुणाच्या भांड्यात जाणार, हे शाळेतल्या पोराला कळेल.

आणि तसेच झाले. २०१२ च्या दुष्काळात वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रसंग आला. २०१३ मध्ये मेंढेगिरी अभ्यासगटाचा अहवाल आला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा असेल तर वरून पाणी सोडायला नको, कमी असेल तर हिशेब मांडायचा, असे सूत्र त्यातून निघाले. २०१४ मध्ये प्राधिकरणाचा आदेश निघाला. आपल्या बाजूचे कारखाने आणि शेतकरी कोर्टात गेले, मराठवाड्याची मंडळीही गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. २०१८ ला पाणी गेले. २०२३ ला ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश झाला. त्यात मुळेचा वाटा २.१० टीएमसी, प्रवरेचा ३.३६, उरलेला नाशिककडच्या गंगापूर आणि दारणा समूहाचा. एकूण पाणी पाहिले तर काठोकाठ भरलेल्या निळवंडे धरणापेक्षाही जास्त.

आता पैठणखालचा शेतकरी हा काही आपला वैरी नाही. त्याच्याही घरात लेकरे आहेत, त्याच्याही विहिरीला उन्हाळ्यात तळ दिसतो. मोठ्या धरणात पाणीच येणार नसेल तर ते बांधले कशाला, हा त्याचा सवाल चुकीचा म्हणता येत नाही. तेव्हा समन्यायी वाटप ही कल्पनाच मोडीत काढा, असे आम्ही म्हणत नाही. पण त्या कलमाचा मसुदा सभागृहापुढे होता तेव्हा विचारण्याजोगे कितीतरी होते. पाणी नदीतून वाहत पैठणला पोचेपर्यंत वाटेत मुरते आणि उपसले जाते, ती तूट कुणाच्या खाती धरायची? ब्रिटिश अमदानीपासून ज्या कालव्यांवर उसाचे ब्लॉक मंजूर होते त्यांचे काय? वरच्या धरणांत खरिपाचा वापर धरायचा तो कोणत्या हिशेबाने? उन्हाने उडून जाणारे पाणी किती? हे सगळे प्रश्न पुढे कोर्टात आणि अभ्यासगटांपुढे विचारले गेले. तेव्हा प्रत्येक प्रश्नाला वकिलाची फी पडली.

विधेयक येताना कुणी वाचले आणि कुणी वाचले नाही, यावरून आपल्याकडे सभांमधून पुष्कळ धुरळा उडाला. त्यात आम्हाला पडायचे नाही. सांगायचे एवढेच की विधेयक मांडले जाते तेव्हा त्याची छापील प्रत सदस्यांना मिळते आणि त्यावर आमदाराला दुरुस्ती सुचवता येते. त्या वेळी कागदाचा एक ताव पुरतो. कायदा एकदा लागू झाला की मग खंडपीठाच्या वाऱ्या.

हा विषय शिळा झाला असे समजू नका. त्या ६५ टक्क्यांच्या आकड्याचा फेरविचार करायला पुन्हा अभ्यासगट नेमावा लागला. म्हणजे आकडा दगडावरची रेघ नाही. घाटापलीकडे कोकणात वाहून जाणारे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात वळवावे, ही मागणी बाळासाहेब विखे पाटील यांनी हयातभर लावून धरली होती. खोऱ्यात पाणीच वाढले तर वाटणीचे भांडण आपोआप सौम्य होईल, हे त्यामागचे साधे गणित. त्या कामासाठी यंदाच्या अंदाजपत्रकात प्रत्यक्ष किती रुपये धरले आणि मार्चअखेर किती खर्ची पडले, हा प्रश्न प्रत्येक अधिवेशनात विचारला गेला पाहिजे. घोषणा किती झाल्या, हे विचारू नये. त्याचे उत्तर फार लांबते.

जाता जाता एक कडू आठवण. पाणी सर्वांना पुरायचे असेल तर बारमाही सोडून आठमाही द्यावे, ही शिफारस १९७९ सालच्या ज्या समितीने केली तिच्यात दांडेकर आणि देऊस्कर यांच्याबरोबर तिसरे होते ते आपल्या संगमनेर तालुक्यातले कॉम्रेड दत्ता देशमुख. स्वतः विधानसभेत बसलेला, उसाच्या मुलखातला माणूस. ऊसवाल्यांना ते तेव्हा फार झोंबले. पण विहिरीवर आणि ठिबकावर ऊस आणायची वेळ शेवटी आलीच. २०१७ मध्ये सरकारने कालव्यावरच्या उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. आता ठिबकाचे अनुदान लहान शेतकऱ्याला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के असे ठरले असले, तरी संच बसवल्यापासून पैसे खात्यावर पडेपर्यंत किती महिने जातात, हा पुरेपूर विधानसभेचा प्रश्न आहे. कारण त्यातला राज्याचा हिस्सा विधिमंडळ मंजूर करते.

कोणते गाऱ्हाणे कुणाच्या दारी

इथे आपली मंडळी फार गल्लत करतात. भावाचे गाऱ्हाणे आमदाराकडे आणि पाटाचे खासदाराकडे घेऊन जातात. दोघेही "पाहतो" म्हणतात. भल्या माणसाने नाही म्हणू नये, हा आपल्याकडचा रिवाज.

उसाचा किमान दर दिल्लीला ठरतो. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश केंद्राचा आहे. २००९ साली त्यात बदल होऊन जुन्या एस.एम.पी.च्या जागी एफ.आर.पी. आली. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली, वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. यातून तोडणी-वाहतूक वजा जाते ते आपण जाणताच. साखरेचा किमान विक्री दरही दिल्लीचाच. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो किलोला ३१ रुपये केला आणि एफ.आर.पी. वर्षावर्षाला चढत असताना तो कित्येक हंगाम तिथेच बसून राहिला. इथेनॉलची खरेदी आणि तिचा दर, साखरेची निर्यात, हेही तिकडचेच. यातले काही आमदारांना सांगून उपयोग नाही असे नव्हे, सभागृह केंद्राला शिफारस करू शकते. पण मुख्य तगादा खासदारांकडे लावावा.

मग राज्याकडे काय उरते? पुष्कळ उरते. सहकार कायदा राज्याचा. साखर आयुक्त राज्याचे. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे आणि न दिल्यास वर्षाला १५ टक्के व्याज, हा नियम केंद्राचा असला तरी त्याची वसुली राज्याच्या यंत्रणेने करायची. २०१३ मध्ये आपल्या विधिमंडळाने ऊसदर विनियमनाचा स्वतंत्र कायदा केला आणि साखर व तिच्या उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाचा, हे सूत्र आणले. नुसती साखर धरली तर ७५ टक्के. हंगाम संपल्यावर हा हिशेब एफ.आर.पी.पेक्षा जास्त निघाला तर वरची रक्कम सभासदाला द्यायची. कारखान्याच्याच अंकात हे छापताना आम्हाला संकोच वाटत नाही. हिशेब मागणारा सभासद असला तर संचालक मंडळालाही चाल राहते.

आता याच विषयातली एक गोष्ट फार बोलकी आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून एफ.आर.पी. दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली: पहिला हप्ता ठरीव उताऱ्यावर, बाकीचा हंगाम आटोपल्यावर अंतिम उतारा निघाला की. यासाठी कायदा करावा लागला नाही. खात्याचा एक कागद पुरला. माजी खासदार राजू शेट्टी त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो शासन निर्णय रद्द केला. मध्ये तीन वर्षे गेली. कारखान्यांची बाजू अशी की चालू हंगामाचा उतारा हंगाम संपेपर्यंत कळतच नाही, आणि बँक मालतारणावर जेवढे देते तेवढ्यातच पहिला हप्ता बसवावा लागतो. तिच्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? पण सोसायटीचे व्याज ज्याच्या खाती चढते त्याची बाजू तेवढीच खरी आहे. अशा शासन निर्णयावर सभागृहात चर्चा घडवण्याचा हक्क आमदाराला असतो. त्याला कुणी तरी कागद आणून द्यावा लागतो.

हे खरे आहे काय, असल्यास

आता प्रश्न कसा विचारतात ते. सभागृहाचा सुरुवातीचा तास प्रश्नोत्तरांचा. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर. तारांकित प्रश्न अधिवेशन भरण्याच्या बऱ्याच आधी सचिवालयाकडे द्यावे लागतात. म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर मुंबईला किंवा नागपूरला जाऊन आमदार निवासात भेटणारा सभासद उशिरा आलेला असतो. तिथे चहा मिळतो, प्रश्न लागत नाही. मधल्या काळात काही उद्भवले तर लक्षवेधी सूचना आहे, औचित्याचा मुद्दा आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे. अर्थसंकल्पी अधिवेशनात खात्याच्या मागणीवर कपात सूचना देता येते; एखाद्या कालव्याच्या अस्तरीकरणाला पैसे का धरले नाहीत, हे विचारायची ती जागा.

प्रश्नाची भाषा पिढ्यान्पिढ्या एकच चालत आली आहे. "हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" आणि उत्तराचीही भाषा ठरलेली: "हे खरे नाही", "हे अंशतः खरे आहे", "प्रश्न उद्भवत नाही". प्रश्न जर "आमच्या भागात पाटाला पाणी येत नाही, हे खरे आहे काय" असा मोघम असेल, तर "हे खरे नाही" एवढ्या तीन शब्दांत खाते मोकळे होते. आणि खात्याचे म्हणणे खोटेही नसते, कारण चारीच्या तोंडाला पाणी आलेले असतेच. शेपटाला आलेले नसते.

तेव्हा प्रश्नच असा बांधावा की "खरे नाही" म्हणायला वाव राहू नये. कालव्याचे नाव, चारीचा नंबर, आवर्तन कोणते, पाणी कोणत्या तारखेला सुटले आणि कोणत्या तारखेला बंद झाले, शेपटाच्या किती हेक्टरचे सात नंबर फॉर्म भरले होते, त्यातले भिजले किती. एवढे दिले की खात्याला आपली दप्तरे उघडावी लागतात. पाणीपट्टी भरल्याची पावती जोडली तर सोन्याहून पिवळे. चारीचा फाटक तुटल्याचा फोटो आता कुणाच्याही मोबाइलमध्ये निघतो. त्यावर तारीख येऊ द्यावी.

नेमका प्रश्न काय करतो याचे उदाहरण आपल्या धंद्यातलेच आहे, आणि ते लाजेने मान खाली घालावी असे आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात आहेत, ही बातमी २०१९ मध्ये पेपरांत आली. बातम्या येतात नि विरतात. पण त्या जून महिन्यातल्या अधिवेशनात विधान परिषदेत नीलम गोऱ्हे यांनी हा विषय विचारला, आणि तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांना आकडा सांगावा लागला: तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ शस्त्रक्रिया. समिती नेमली गेली. एकदा आकडा सभागृहाच्या कामकाजात छापला गेला की तो कुणाला नाकारता येत नाही. या बाया आपल्याच फडात कोयता चालवतात. बीडहून येतात तशा आपल्या पाथर्डीहूनही येतात. पहाटे चारला फडात आणि रात्री गाडीवर मोळी टाकेपर्यंत अंगाला विसावा नाही. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मुकादमाची उचल फिटायची कशी, हा घोर. त्यांच्या टोळ्या आपल्या शिवारात उतरतात तेव्हा पाण्याची टाकी, संडास आणि लेकरांची शाळा याची सोय झाली का, हे आपल्या आमदारांनी विचारावे असे ऊस उत्पादक सभासदालाही वाटले पाहिजे. ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी टनामागे दहा रुपये द्यायचे ठरले, तो पैसा ऊसधंद्यातूनच उभा राहायचा आहे. तो त्यांच्या कामी किती लागला, हा साधा प्रश्न आहे.

रात्रीची वीज आणि बिबट्या

यावर फार लिहायला नको, घरोघरी माहीत आहे. संगमनेर, अकोले, राहुरी, कोपरगाव पट्ट्यात उसाच्या फडातच बिबट्याची पिल्ले जन्मतात आणि तोड आली की सापडतात. त्याला ऊस हेच रान झाले. आणि आपल्या माणसाला रात्री बाराला मोटार चालू करायला त्याच फडातून जावे लागते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचे बिल एप्रिल २०२४ पासून सरकारने माफ केले, त्याबद्दल तक्रार नाही. पण सभासदाला विचारा. तो म्हणतो, "दादा, बिल घ्या हवं तर, पण लाईट दिवसा द्या."

इथेही मोघम मागणी उपयोगाची नाही. सौर कृषी वाहिनीतून दिवसा वीज द्यायची योजना आहे. तेव्हा आपल्या गावाला वीज देणारे उपकेंद्र कोणते, त्याच्या किती फीडरना दिवसा वीज मिळते, उरलेल्यांना केव्हा, सौर प्रकल्पाला जागा दिली असूनही काम का अडले, असे विचारावे. बिबट्या पकडायचा परवाना, पिंजऱ्यांची संख्या, जखमी माणसाला आणि मेलेल्या जनावराला भरपाई केव्हा मिळाली, ही माहिती वन खात्याकडून तालुकावार मागावी. भरपाईच्या अर्जाची पोच जपून ठेवावी. ती नसली तर प्रश्न उद्भवत नाही.

निळवंड्याची पन्नास वर्षे

प्रश्न लागला, मंत्री उभे राहिले, "तपासून योग्य ती कार्यवाही करू" म्हणाले, पेपरात फोटो आला. इथे बहुतेकांचे काम संपते. निळवंडे धरणाची हकिकत पाहिली तर खरे काम इथून पुढे असते, हे समजेल.

वरच्या प्रवरेवर धरण बांधायचे १९७० साली ठरले. जागा आधी म्हाळादेवीची होती, मग निळवंड्याला गेली. तेव्हाचा अंदाज सुमारे आठ कोटी रुपयांचा. विस्थापितांचे पुनर्वसन, जागेचा वाद, पैशाचा तुटवडा, कालव्याच्या आखणीचा वाद, यांत एक पिढी म्हातारी झाली. ३१ मे २०२३ ला डाव्या कालव्यात चाचणीचे पाणी सुटले आणि २६ ऑक्टोबर २०२३ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ८५ किलोमीटरच्या त्या कालव्याचे लोकार्पण झाले. खर्चाचा आकडा ५,१७७ कोटींवर गेला होता. सात तालुक्यांतल्या १८२ गावांचा प्रश्न, त्यातले सहा तालुके आपल्या जिल्ह्यातले आणि एक सिन्नर. कालव्याला पाणी आले त्या दिवशी काठावर बायाबापड्यांनी हळदीकुंकू वाहिले, ते योग्यच केले. धरणाची बातमी ऐकलेल्या किती जणांना ते पाहायला मिळाले नाही.

या त्रेपन्न वर्षांत अधिवेशने किती झाली असतील ते मोजा. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर पडू द्यायचे नाही, अशी घटनेची अट आहे, आणि आपल्याकडे अर्थसंकल्पी, पावसाळी आणि नागपूरचे हिवाळी अशी वर्षाला तीन भरायचा रिवाज. कितीएक मुख्यमंत्री झाले. आश्वासनांना तोटा नव्हता. आठ कोटींचे काम पाच हजार कोटींवर जाते तेव्हा मधला पैसा सिमेंटात जातो तसा उशिरातही जातो.

यासाठी विधिमंडळातच एक हत्यार आहे, आणि ते फार थोडे लोक वापरतात. सभागृहात मंत्र्याने आश्वासन दिले की त्याची नोंद होते, आणि ते पुरे झाले की नाही हे पाहायला आश्वासन समिती असते. ती खात्याच्या सचिवाला बोलावून विचारू शकते. गेल्या अधिवेशनात आपल्या भागाविषयी मंत्री काय बोलले हे कामकाजाच्या छापील वृत्तांतात सापडते; तो आता विधिमंडळाच्या संकेतस्थळावरही असतो. गावातल्या शिकलेल्या पोराला अर्धा तास बसवले तरी निघेल. ती तारीख आणि ते वाक्य आमदारांच्या हाती द्यावे. आमदारालाही बरे वाटते. त्याच्यामागे कागद घेऊन माणसे उभी आहेत हे मंत्र्याला दाखवता येते.

दुसरी विनंती अर्ज समिती. एखाद्या सार्वजनिक गाऱ्हाण्यावर शेतकऱ्यांनी सह्या करून सदस्यामार्फत सभागृहाकडे अर्ज देता येतो. निळवंड्याच्या मुख्य कालव्याला पाणी आले पण त्याचे पाणी शेतावर न्यायचे ते वितरिकांनी. मुळेच्या जुन्या चाऱ्यांना अस्तर नाही. घोड-कुकडीच्या शेपटाला श्रीगोंदा-कर्जतकडे आवर्तन पोचेपर्यंत पीक वाळते. अशा विषयांना तो अर्ज शोभतो. जिल्हा आपल्याला परका नाही: १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षे विधानसभेच्या अध्यक्षपदावर आपल्याच जिल्ह्याचे बाळासाहेब भारदे बसले होते. सभागृहाचे नियम हे सामान्य माणसाच्या उपयोगासाठी असतात, ही गोष्ट आपल्या मातीत नवी नाही.

तेव्हा सभासदांना विनंती अशी की, येत्या अधिवेशनासाठी आपापली गाऱ्हाणी गट ऑफिसात लेखी द्यावीत. एका कागदावर एकच विषय. पाण्याचा असेल तर कालवा, चारी नंबर, आवर्तनाच्या तारखा, सात नंबर फॉर्मची आणि पाणीपट्टीची पावती. विजेचा असेल तर उपकेंद्र, फीडर आणि रोहित्राचा नंबर, बंद पडल्याची तारीख. ठिबकाचा असेल तर अर्जाची तारीख, संच बसवल्याचे बिल आणि मोका तपासणी झाली असल्यास तिचा दिवस. बिबट्याचा असेल तर पंचनाम्याची प्रत. सातबाराचा उतारा सोबत असावा, नाव-गाव आणि सही स्पष्ट असावी. बिनसहीचे अर्ज पुढे जाणार नाहीत. शेजारच्या पाच-दहा खातेदारांचे गाऱ्हाणे एकच असेल तर त्यांनी मिळून एक अर्ज करावा, वजन पडते. उसाच्या वजनाविषयी, नोंदीविषयी किंवा तोडीच्या पाळीपत्रकाविषयी तक्रार असेल तर ती आमदारसाहेबांकडे पाठवू नये. तिची चौकशी कारखान्याच्या शेतकी खात्यातच होईल. आलेल्या अर्जांचे विषयवार गठ्ठे करून ते आमदारसाहेबांकडे दिले जातील, आणि कोणत्या अर्जाचा प्रश्न लागला, काय उत्तर आले, ते अधिवेशन संपल्यावरच्या अंकात शब्दशः छापू. "हे खरे नाही" असे उत्तर आले तर तेही तसेच छापू.